छपरावरचा भाग

"बदकाचा भाग! त्याच्यापुढं सगळे भाग पानी भरते," असं म्हणून ती बाई हातातली भाकर माझ्यावर रोखते, जणू विरोधात मत मीच दिलं आहे.

"बदकाचं काय घेऊन बसली वो? चष्मेवालीनं बापाचे बिस्कुटं शाळेत चोरून इकले, थो भाग आठोते का? हेडमास्तर टेबलाखाली लपून खाते थो?"

तिसरी पाणी पीत असते. तोंडात घोट असल्यामुळे तिला बोलता येत नाही, म्हणून ती एका हाताने दोघींनाही बाद करते आणि दुसऱ्या हाताने आभाळाकडे बोट दाखवते. आभाळ म्हणजे छप्पर. छप्पर म्हणजे छपरावरचा भाग. बाकीच्या लगेच माना डोलावतात, आणि बदकवाली नाइलाजाने ठेच्याकडे वळते.

रिसोडच्या कडेला आमच्या थोरल्या भावाचं वावर आहे. थोड्या तुकड्यात मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि बाकी हळद. त्या वावराच्या बांधावरच्या, आमच्याकडे धुऱ्यावरच्या, निंबाखाली निंदणाच्या, म्हणजे खुरपणीच्या, दिवसांत रोज दुपारी हे असं चालतं. सात बाया खुरपी बाजूला ठेवून भाकरी सोडतात आणि एका परदेशी कार्टूनमधल्या कुटुंबाची चर्चा करतात. ज्याला ऐकून माहीत नाही त्याला वाटावं, ही माणसं पलीकडच्या गल्लीत राहतात आणि परवाच त्यांच्याकडे बारसं होऊन गेलं.

हे कुटुंब हिंदी बोलतं. बाप मिशाळ, जाडा, बिस्किटांच्या कारखान्यात कामाला. त्याला आमच्या बाया बिस्कुटवाला म्हणतात. आई डोक्यावर वांग्याएवढा अंबाडा घालते, म्हणून ती अंबाडेवाली. मुलगी चष्मेवाली. एक मुलगा पाळण्यात, एक बदक अंगणात, आणि खुर्चीत कायम बसलेला ठार बहिरा बुढा. वीस-बावीस वर्षं झाली, यांच्यातलं कुणी एका दिवसानं मोठं झालेलं नाही. "माह्या पोराचं लगन झालं, त्याचं पोट्टं शाळेत चाललं, आन थे अजून पायन्यातच पाय हालवून राह्यलं," असं आमची मावशी म्हणते. मावशी ही या टोळीची पुढारीण. कुणाच्या शेतात कधी जायचं, किती वाजता उठायचं आणि कुठला भाग चांगला, या तिन्ही बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

मी स्वतः मेडशीला शाळेत गणित शिकवतो. रिसोडहून मालेगाव, मालेगावहून मेडशी, असा दोन एसट्यांचा प्रवास. ही मालिका लागायची दुपारी एकला. त्या वेळी मी शाळेत खिचडीच्या रांगेवर लक्ष ठेवत असे. त्यामुळे मला ही मालिका जी काही माहीत होती ती एकाच मुखातून. ते मुख आमच्या वहिनीचं.

वहिनीची पद्धत अशी. आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आमच्या घरी आला. वहिनी एकला वावरातून घरी यायची, भावाला जेवायला वाढायची, वाढता वाढता मालिका पाहायची आणि दोनला परत वावरात. तिथे सात बाया आपापली पात धरून, म्हणजे एकेक ओळ वाटून घेऊन, वाकलेल्या असायच्या. मधली पात वहिनीची. खुरपं जमिनीत गेलं की तोंड सुरू. बिस्कुटवाल्याचा आवाज ती पोटातून काढायची, अंबाडेवालीचा नाकातून. बदकासाठी ती मान अशी वेळावायची की हळदीत खरंच बदक शिरलं म्हणून आमचा कुत्रा भुंकायचा. चारच्या चहापर्यंत एक भाग. संध्याकाळी मी एसटीतून उतरलो की मलाही तोच भाग, थोडा आटवून, ओट्यावर मिळायचा.

अर्ध्या तासाचा भाग दोन तास कसा पुरतो, हा प्रश्न मला, म्हणजे गणिताच्या मास्तरला, वीस वर्षांत पडला नाही. परदेशातल्या त्या घरी पाहुणे आले की वहिनीच्या सांगण्यात अंगणात गोवऱ्या पेटायच्या आणि रोडगे भाजले जायचे. मला वाटायचं, हिंदीत आणणाऱ्यांनी आपल्याकडच्या लोकांसाठी बदल केला असेल. हुशार लोक!

पुढे ते चॅनल बंद झालं. वहिनीचे भाग चालूच राहिले. मालिका तिकडे अजून निघते असं ऐकलं होतं. तेव्हा वहिनी नवे भाग पोरीच्या फोनवर पाहत असेल असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं. आता निंदायला बाया मिळणं किती अवघड झालंय ते शेतकऱ्यालाच विचारा. सकाळी पिकअप गाड्या येतात, बायांना भरून दुसऱ्या गावी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, घेऊन जातात. शेतमालक चहा पाजतात, आटो पाठवतात, गोड बोलतात. पण ही टोळी पहिल्यांदा वहिनीच्या वावरात येणार हे ठरलेलं. तिच्या हळदीत तण कधी गुडघ्याला लागलं नाही. लोक म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे. गुण होताच, पण हाताला नव्हता.

त्या दुपारी मी सुट्टीवर होतो आणि निंबाखाली आयता जेवायला बसलो होतो. बदक आणि बिस्किटं बाद झाल्यावर मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या माहितीसाठी, मला तोंडपाठ असूनही, छपरावरचा भाग सांगितला.

"सकायपासून जो तो अंबाडेवालीले इचारते. माहे मोजे कुठी? माहा चष्मा कुठी? बिस्कुटवाला त डोक्शावरची टोपी डोक्शावर असून इचारते, टोपी कुठी? अंबाडेवाली काही बोलत नाही. खुर्ची उचलते, शिडी लावते, आन छपरावर जाऊन बसते. खाली घर उलटंपालटं. थो म्हणते उतर, थे म्हणते उतर. बाई ढिम्म! मंग शेवटी बुढा उठते. थो बहिरा. वीस वर्सात खुर्चीतून उठला नाही थो. दोन कप चहा घेते, आन एक एक पायरी शिडी चढते."

इथे मावशी थांबते. दर वेळी थांबते. सातही जणींचे घास हातात थांबतात.

"तिच्याजवळ जाऊन बसते. म्हणते, सूनबाई, मी बहिरा नाही. तू भांड्यायसंगं जे बोलत राह्यते, थे मी सगळं आयकलं. हे म्हणते, मंग कवा उत्तर काहून नाही देल्लं? थो म्हणते, उत्तर देल्लं असतं त तू बोलनं बंद केलं असतं."

एकीनं नाक ओढलं. भांड्यांशी न बोलणारी बाई आमच्याकडे अजून जन्मायची आहे.

मी मात्र त्या क्षणी भारावलो, आणि मी भारावलो की काहीतरी करून बसतो. उभा राहिलो, हात पसरले आणि जाहीर केलं, "मावशी, हा भाग तुम्हाला मोठ्या टीव्हीवर दाखवतो! नवा टीव्ही घेतलाय दादानं, त्यावर इंटरनेट चालतं, जुनं नवं सगळं सापडतं. बाजाराच्या दिवशी निंदण बंद असतं, तेव्हा सगळ्या या. चहा-पोहे माझ्याकडून."

बायांनी असा कल्ला केला की निंबावरचे कावळे उडाले. वहिनीनं मात्र भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"कायले थ्या भानगडी, भाऊजी? पाह्यलेलं काय पाहाचं?"

"तू पाहिलंय. यांनी कुठं पाहिलंय?"

"बाजाराच्या दिवशी बायायले कामं असते."

"आमाले काही काम नाही," मावशी म्हणाली.

पुढचे तीन दिवस वहिनीनं जे केलं त्यानं मला सावध व्हायला हवं होतं. आधी ती म्हणाली, टीव्हीचं चित्र हलतं. मी पाहिलं, हलत नव्हतं. मग रिमोट सापडेना. तो तांदळाच्या डब्यात सापडला, तेव्हा त्यातले सेल नव्हते. मी नवे सेल आणले. मला वाटलं, सात बायांना चहा-पोहे करायचा तिला कंटाळा आलाय, म्हणून पोहे, शेंगदाणे, दूध, लिंबं सगळं मी स्वतः आणून ओट्यावर मांडलं आणि म्हणालो, "आता तर झालं?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "झालं, भाऊजी," म्हणाली. "तुमी करूनच सोडान."

बाजाराच्या दिवशी दुपारी सातही जणी धुतलेली लुगडी, साड्या नेसून आल्या. सतरंजीवर सहा, खुर्चीवर मावशी. माझी पुतणी वाशीमला कॉलेजात शिकते, ती घरी आली होती. तिनं रिमोटवर चार-दोन बटणं दाबली आणि तो भाग काढला. छपराचं चित्र दिसताच टाळ्या पडल्या. भाऊ नेहमीसारखा दारात उकिडवा बसला होता. वहिनी आत पोहे करत होती. फक्त पोहे करताना इतकी भांडी कशाला वाजतात हे मला कळत नव्हतं.

भाग सुरू झाला आणि मी खरं सांगतो, वहिनीचा मला अभिमान वाटला. शब्दाला शब्द! मोजे, चष्मा, डोक्यावरची टोपी. बाया पात्रांच्या आधी वाक्यं म्हणत होत्या. बिस्कुटवाल्यानं टोपी विचारली तेव्हा सहा हात एकदम आपापल्या डोक्यावर गेले. अंबाडेवालीनं शिडी लावली. खुर्ची वर नेली. बसली. घर उलटंपालटं झालं.

"आता बुढा," मावशी म्हणाली आणि पुढे सरकून बसली.

बुढा उठला नाही. त्याच्या जागी आगीचा बंब आला. त्यातून चार शिपाई उतरले, पाण्याचा पाइप घेऊन छपराकडे धावले. बदकानं पाइपाला चावा घेतला. पाइप सुटला, बिस्कुटवाला भिजला, पाण्याच्या जोरानं छपराला भोक पडलं आणि अंबाडेवाली खुर्चीसकट खाली येऊन थेट जेवणाच्या टेबलापुढं बसली. सगळं घर हसलं. तीही हसली. बुढा शेवटच्या चित्रात घोरत होता. संपलं.

आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"हा थो भाग नाही," मावशी म्हणाली. "दुसरा लाव, पोरी."

पुतणीनं शोधलं. पुन्हा शोधलं. यादी वर-खाली केली. "आजी, छपराचा एकच भाग आहे."

"मंग बुढा कुठी गेला?"

मी तोंड उघडून काहीतरी हिंदीत आणणाऱ्यांबद्दल सांगणार होतो, तेवढ्यात दारातून भाऊ बोलला. आमचा भाऊ दिवसातून पाच वाक्यं बोलतो, त्यातली तीन बैलांशी.

"तवा लाईट जात होती ना," तो म्हणाला. "रोज. सव्वाले."

एवढं बोलून तो उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. मी गणिताचा मास्तर. एकला मालिका, सव्वाला लोडशेडिंग, दीडला शेवट. एवढी वजाबाकी करायला मला वीस वर्षं लागली. आमच्या वहिनीनं त्या मालिकेचा एकही भाग शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

वहिनी पोह्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. मावशी खुर्चीवरून उठली.

"म्हणजे बुढा तुह्या मनचा?"

"हो, मावशी."

"आन बाकीचे भाग?"

"पह्यला अर्धा त्यायचा. मंगचा माह्या मनचा." वहिनीनं ताट खाली ठेवलं. आता लपवण्यात काही अर्थ नाही असं तिनं ठरवलेलं दिसलं. "आन चॅनल बंद झालं तवापासून सगळंच माह्या मनचं."

सतरंजीवरून एक आवाज उठला, भात उतू जाताना होतो तसा. मावशीनं हात वर करून तो थांबवला.

"माह्या घरच्या बुढ्याले आयकू येत नाही," ती म्हणाली. "सगळ्यायले मालूम हाय. मी दहा वर्सं झाले भांडे घासता घासता त्याले मनातलं सारं सांगून राह्यली. म्हनलं आयकत असन. काहून? त टीव्हीनं सांगतलं! एवढा मोठा टीव्ही, थो लबाड कायले बोलन? आन थे तू होती व्हय?"

"मावशी..."

"चाला वो बायायनो."

सात जणी चपला घालून निघून गेल्या. पोहे तसेच राहिले. वहिनीनं ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं. "घ्या भाऊजी. सात जनीचे हाय. पोटभर खा."

मी एक घासही खाल्ला नाही असं लिहायला आवडलं असतं. थोडे खाल्ले. चव लागली नाही, एवढं मात्र खरं.

संध्याकाळी ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो, आणि माफी कशी मागावी याची मनात तीन भाषणं तयार केली. तिनं एकही करू दिलं नाही.

"पह्यल्या दिवशी लाईट गेली," ती स्वतःच म्हणाली. "वावरात आली, त बाया म्हने, मंग काय झालं? उनात कंबरा वाकून राह्यल्या होत्या बिचाऱ्या. आता त्यायले काय सांगू, लाईट गेली? अर्धी भाकर देता येते, भाऊजी. अर्धी गोष्ट नाही देता येत. म्हनून त्या दिवशी जोडली. दुसऱ्या दिवशी परत लाईट गेली."

"मग सांगून टाकायचं होतंस ना कधीतरी."

"कवा? त्या हासत असताना, का रडत असताना?"

तिनं जुडीला गाठ मारली.

"हळदीचं काही नाही. तन वाढन, आमी दोघं काढू, नाही त नाही काढू. पन उद्या मी म्हनीन का वांग्याले पानी पाजलं, त म्हनतीन, खरं कायवरून? माह्या बोलन्यावर कोनी इस्वास ठेवन का आता? एवढं एकच होतं माह्याजवळ."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत किरकोळ रजा टाकली. केलेलं निस्तरता येणार नव्हतं, पण निदान बाया आल्या नाहीत तर खुरपं धरायला एक माणूस, असा माझा हिशेब. सकाळी सातला वहिनी आणि मी धुऱ्यावर उभे. हळदीत तण वर आलेलं, कालच्या दिवसात जास्तच आल्यासारखं वाटत होतं. सव्वासातला रस्त्यावर पिकअप थांबली, हॉर्न वाजला. बाया चढल्याचा आवाज आला. गाडी निघून गेली. वहिनीनं पदर खोचला, एकटीच मधल्या पातीवर जाऊन बसली आणि खुरपं चालवायला लागली.

साडेसात झाले असतील. तेव्हा पांदीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, वळणावर लुगडी दिसली. पुढे मावशी, मागे सहा. पिकअपमध्ये चढल्या त्या दुसऱ्याच होत्या. या सात पायी आल्या, खुरपी काढली, आपापली पात धरली आणि वाकल्या. रामराम नाही, चहा नाही, मालिका तर नाहीच. वहिनी मान वर करेना. एक अख्खी पात या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त खुरप्यांचा आवाज. वीस वर्षांत त्या वावरानं एवढी शांतता ऐकली नसेल. मी धुऱ्यावर उभा राहून घाम पुसत होतो, आणि काम त्या करत होत्या.

दुसरी पात लागली तेव्हा मावशी खाली मान घालूनच बोलली.

"काल मी भांडे घासले."

खुरपी चालतच राहिली.

"बुढा खाटेवर तिकडं तोंड करून पडला होता. मी म्हनलं, आज पाहूच. बिलकूल हळू, भांड्यायलेच आयकू जाईन एवढं हळू म्हनलं, का ह्या मानसानं लगनात माह्या बापाकडून घड्याळ मांगतलं होतं, आन याले अजून घड्याळ पाहाता येत नाही."

खुरपी मंदावली.

"मंग?" बदकवालीला राहवेना.

"हालला नाही."

वहिनीचं खुरपं थांबलं.

"हालला नाही," मावशी पुन्हा म्हणाली. "पन त्याची पाठ हालत होती. मी खाटंच्या त्या अंगानं जाऊन पाह्यलं. बुढं तोंडात दुपट्टा कोंबून हासून राह्यलं होतं!"

आधी एकीला फुटलं, मग सगळ्यांना. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांचं हसणं ओसरेपर्यंत थांबली. तिला थांबायचं कुठं ते कळतं, मी म्हटलं ना.

"म्हनजे टीव्हीले काही मालूम नाही," तिनं निकाल दिला. "आगीचा बंब आनते मुडदे! बुढ्यायचं इले मालूम हाय. इनं सांगतलं थेच खरं."

वहिनीनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि तण मात्र उपटलं नाही, हळदीचं एक चांगलं रोप उपटलं. शेजारणीनं ते तिच्या हातातून घेऊन परत लावलं.

मग जे सुरू झालं त्यासाठी मी आणखी चार रजा टाकायला तयार होतो. आपापले आवडते भाग काढून त्यांची झडती चालू झाली.

"बदक हिरीत पडते थे त्यायचं का तुह्यं?"

"पडलं थे त्यायचं. बादलीत बसून वर आलं थे माह्यं."

"अन् बिस्कुटं?"

"इकले त्यायनं. टेबलाखालचा हेडमास्तर माहा."

"पायन्यातलं पोट्टं एक रात्र सपनात मोठं होऊन मायले डोक्टरकडे नेते, थो?"

"थो पुराच माहा."

"मले वाटलंच!" ती बाई म्हणाली. तिला काही वाटलं नव्हतं, पण आता वाटलं होतं आणि ती खूश होती. एकेक भाग फोडून पाहिला तर जो तुकडा बायांनी वर्षानुवर्षं जपला होता तो जवळपास दर वेळी सव्वाच्या नंतरचा निघाला. मी आयुष्यात बरीच मोठी माणसं व्यासपीठावरून बोलताना ऐकली आहेत, त्यांतल्या काहींना हारही घातले आहेत. पण कुठल्याशा परदेशी कंपनीनं पैसे, चित्रकार, गाणारे-बजावणारे लावून जे केलं, त्याच्यावर आमच्या वहिनीनं एका खुरप्याच्या तालावर, उन्हात, पाठ वाकवून मात केली होती, आणि त्याचं श्रेय वीस वर्षं त्यांनाच देऊन टाकलं होतं. मला धुऱ्यावरून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

तेवढ्यानं मावशीचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"गुर्जी, तुमी तिकडं उभे राहून काय हाजरी घेऊन राह्यले का? तुमच्यापायी आमच्या बाईले रडू आलं. या खाली. धरा पात."

"मावशी, मला निंदणं जमत नाही हो."

"जमते, जमते. तुमी काय नाही करून सोडत?"

वहिनी हसली. कालपासून पहिल्यांदा. मी पँट दुमडली, खुरपं घेतलं आणि काठावरची पात धरली. मावशीनं घसा साफ केला.

"आता सांग, बाई. पन एक काम कर. आता मधात टीव्ही आनू नको. तुह्या नावानं सांग."

आजवर वहिनीच्या प्रत्येक गोष्टीच्या मागे एक चालू टीव्ही असायचा, निदान बायांच्या डोळ्यांपुढे तरी. आज मागे कुणी नव्हतं. मग तिनं मधल्या पातीत खुरपं घातलं. "बुढा छपरावरून खाली आला," ती म्हणाली, आणि आवाज पोटातून की नाकातून काढावा हे तिचं ठरत नव्हतं, म्हणून तो तिचाच आला. "खाली आला, आन पाहाते त काय, त्याच्या खुर्चीवर कोनी दुसराच बसेल होता."

"अवं बाप्पा! कोन?"

तिनं सांगितलंही असेल. पण आठही खुरपी एका लयीत पुढे सरकत होती, गोष्ट त्यांच्याबरोबर सरकत होती, आणि मी पहिल्या चार हातांतच मागे पडलो होतो. त्या वावरात तण कधी का वाढलं नाही ते मला त्या दिवशी कंबर धरून कळलं. जी मागे राहील तिला ऐकू येत नाही. मी गुडघ्यांवर आलो, दोन हातांनी ओरबाडायला लागलो, तरी त्या पुढेच. लांबून फक्त एकदम हशा यायचा, मग एकदम शांतता, मग कुणाचं तरी "नाही वो!" मला काही कळेना.

"वहिनी!" मी शेवटी ओरडलो. "कोण बसलं होतं खुर्चीवर?"

वहिनीनं मागे वळून पाहिलं, पण उत्तर मावशीनं दिलं, मान वर न करता.

"मोठ्या टीव्हीवर पाहा, गुर्जी!"